समुद्री स्पंजांमधल्या जिवाणूंकडून नवी प्रतिजैविके शोधायची आहेत? मग इथून सुरुवात करा

स्पंज हा प्राणी जागेवरून हलत नाही. त्याला दात नाहीत, कवच नाही, पळून जाण्याची सोय नाही. दिवसभर तो पाणी आत ओढतो, गाळतो आणि बाहेर सोडतो. किलोभर वजनाचा स्पंज दिवसाला हजारो लिटर पाणी गाळू शकतो. या पाण्याबरोबर आत आलेले बरेचसे जिवाणू तो खातो, पण काही त्याच्या शरीरात कायमचे राहतात. दाट जिवाणूवस्ती असलेल्या जातींमध्ये एका ग्रॅम ऊतीत दहा कोटी ते एक हजार कोटी जिवाणू असतात. आजूबाजूच्या समुद्राच्या एका मिलिलिटरमध्ये ही संख्या साधारण दहा लाख असते. अशा जातींमध्ये शरीराच्या आकारमानाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, जिवाणूंनीच व्यापलेला असतो. एवढ्या दाटीत जागेसाठी आणि अन्नासाठी चढाओढ होते, आणि त्या चढाओढीत वापरली जाणारी रसायने आपल्या उपयोगाची असू शकतात.

या क्षेत्राचा इतिहास १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू होतो. रसायनशास्त्रज्ञ वर्नर बर्गमन यांनी कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजातून नेहमीपेक्षा वेगळी साखर असलेले न्यूक्लिओसाइड (डीएनएच्या घटकासारखा रेणू) वेगळे केले. त्याच धाग्यावरून पुढे रक्ताच्या कर्करोगावरचे सायटाराबिन आणि विषाणूंवरचे व्हिडाराबिन ही औषधे आली. त्यानंतर कित्येक वर्षे लोक स्पंजच गोळा करत राहिले, आणि तिथे एक मोठी अडचण उभी राहिली. हॅलिकॉन्ड्रिन बी हे संयुग मिळवण्यासाठी न्यूझीलंडच्या समुद्रातून सुमारे एक टन स्पंज काढला गेला, आणि हाती आले ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. अशाने औषध तयार होत नाही, समुद्राचा तळ मात्र उघडा पडतो.

म्हणून प्रश्न बदलला: हे रसायन स्पंज बनवतो, की त्याच्या आत राहणारा जिवाणू? २०१४ मध्ये थिओनेला स्विनहोई या स्पंजाबाबत याचे ठोस उत्तर मिळाले. त्यातली बहुतेक सगळी जैवसक्रिय संयुगे एन्टोथिओनेला नावाचा, आजवर कृत्रिम माध्यमावर न वाढलेला जिवाणू बनवतो, असे त्याच्या जनुकांवरून दिसले. काही जिवाणू मात्र प्लेटवर, म्हणजे बशीतल्या पोषक माध्यमावर, वाढतात, आणि नवख्या माणसाने त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. जिवाणू एकदा हातात आला की स्पंजाला पुन्हा हात लावावा लागत नाही, फ्लास्कमध्ये हवे तेवढे वाढवता येते.

खालचा क्रम सूक्ष्मजीवशास्त्राची मूलभूत ओळख असलेल्या विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिला आहे. काही पायऱ्यांवर मी जास्त रेंगाळेन, कारण बहुतेकांचे श्रम तिथेच वाया जातात.

पहिली पायरी: पाण्यात उतरण्याआधी

परवानग्या आधी घ्या. जैविक नमुना ज्या देशाच्या हद्दीतला, त्या देशाचा त्याच्यावर अधिकार असतो. २०१४ पासून लागू असलेल्या नागोया करारानुसार अनेक देशांत नमुना घेण्याची संमती आणि फायद्याच्या वाटणीचा करार दोन्ही लागतात. पुढे संयुग चांगले निघाले आणि कागद नसले, तर ते प्रकाशित करणेही अवघड होते.

दुसरी तयारी लक्ष्य सूक्ष्मजीवांची, म्हणजे ज्यांच्यावर रसायनाचा परिणाम तपासायचा त्यांची. निदान एक ग्रॅम-पॉझिटिव्ह (स्टॅफिलोकॉकस ऑरियस), एक ग्रॅम-निगेटिव्ह (ई. कोलाय) आणि एक यीस्ट (कॅन्डिडा अल्बिकन्स) हवे; ग्रॅम हे जिवाणूंचे दोन गट पाडणाऱ्या रंगचाचणीचे नाव. संशोधनसंग्रहातून मिळणारे प्रमाणित स्ट्रेन (एकाच जातीतले ठरावीक वाण) वापरा, म्हणजे तुमचे आकडे इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील. हे रोगजंतू आहेत, त्यामुळे जैवसुरक्षा पातळी दोनची प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित मार्गदर्शक हवाच. घरच्या खोलीत करायचे हे काम नाही.

दुसरी पायरी: नमुना

अंगठ्याएवढा तुकडा पुरतो. धारदार पात्याने कापा, अख्खा स्पंज खडकावरून उपटू नका. बुंधा आणि बराचसा भाग शिल्लक राहिला तर पुष्कळ जाती जखम भरून काढतात. हातमोजे घाला, कारण स्पंजाच्या अंगात काचेसारख्या सूक्ष्म सुया असतात आणि काही जातींचा नुसता स्पर्श झाला तरी त्वचेची आग होते.

प्रत्येक तुकडा पाण्याखालीच वेगळ्या पिशवीत घाला. कापण्याआधीचा फोटो, खोली, तापमान, ठिकाण आणि ताज्या स्पंजाचा रंग त्याच दिवशी नोंदवा, अल्कोहोलमध्ये रंग उडून जातो. स्पंजाच्या शेजारचे एक बाटलीभर पाणीही घ्या. हे पाणी नसेल तर पुढे कोणी विचारल्यावर तुम्हाला सांगता येणार नाही, की अमुक जिवाणू स्पंजातला होता की नुसता वाहत आलेला.

तुकड्याचे तीन भाग करा. एक ताजा, जिवाणू वाढवण्यासाठी. तो बर्फाच्या पेटीत ठेवा पण गोठवू नका, आणि काही तासांत प्रयोगशाळेत न्या. दुसरा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, स्पंजाची जात ओळखण्यासाठी. तिसरा डीएनएसाठी उणे ८० अंशांवर. जात ओळखणे वर्गीकरणतज्ज्ञाकडे सोपवा. नुसत्या आकारावरून आणि रंगावरून स्पंज ओळखता येत नाहीत, आतल्या सुयांची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते.

तिसरी पायरी: धुणे आणि वाटणे

निर्जंतुक समुद्रपाण्याने तुकडा निदान तीनदा धुवा. बाहेरचा थर निर्जंतुक पात्याने काढून टाका आणि आतला सुमारे एक ग्रॅम गाभा निर्जंतुक खलबत्त्यात थोड्या समुद्रपाण्याबरोबर वाटा. शेवटच्या धुण्याचे पाणीही एका प्लेटवर पसरा. त्या प्लेटवर गर्दी झाली तर धुणे कमी पडले असे समजा.

वाटलेल्या मिश्रणाचे दहा-दहा पटींनी विरलन करत एक लाख पटींपर्यंत जा. मिश्रणाचा एक वेगळा भाग ५५ ते ६० अंशांवर काही मिनिटे तापवा. भराभर वाढणारे पुष्कळसे जिवाणू त्यात मरतात आणि उष्णता सोसणारे बीजाणू मागे राहतात. ॲक्टिनोमायसीट गटातले जिवाणू मिळवण्याची ही जुनी युक्ती आहे. ज्ञात प्रतिजैविकांचा फार मोठा वाटा याच गटाने दिलेला आहे, म्हणून ती युक्ती सोडू नये.

चौथी पायरी: माध्यम, आणि त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे वाट पाहणे

नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. पौष्टिक माध्यम घ्यायचे, दोन दिवसांत प्लेट भरली की उचला-उचली करायची आणि प्लेटा फेकून द्यायच्या. दोन दिवसांत वाढतात ते व्हिब्रिओ, बॅसिलस, स्यूडोअल्टरोमोनास यांसारखे चपळ जिवाणू. तेही अभ्यासण्याजोगे आहेत, पण बॅसिलसचे बीजाणू सगळीकडे सापडतात आणि त्यांची रसायने बऱ्यापैकी चाळून झालेली आहेत. तुम्हाला हवे असलेले जिवाणू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात, टाचणीच्या टोकाएवढे, कडक, आगरमध्ये (माध्यम घट्ट करणाऱ्या जेलीसारख्या पदार्थात) रुतलेले.

निदान तीन माध्यमे ठेवा. एक नेहमीचे मरीन आगर. दुसरे ॲक्टिनोमायसीटसाठी: एक लिटर समुद्रपाण्यात १० ग्रॅम स्टार्च, ४ ग्रॅम यीस्टचा अर्क, २ ग्रॅम पेप्टोन आणि १८ ग्रॅम आगर. तिसरे अगदी उपाशी ठेवणारे, याच अन्नघटकांच्या दहाव्या हिश्श्याचे, आगर मात्र तेवढेच. स्पंजातल्या अनेक जिवाणूंना भरपूर अन्न मानवत नाही, आणि मला स्वतःला या तिसऱ्या प्लेटकडून नेहमी जास्त आशा असते. माध्यमात त्याच स्पंजाचा गाळून निर्जंतुक केलेला पाणअर्क थोडासा घालून पाहायलाही हरकत नाही.

बुरशी रोखण्यासाठी सायक्लोहेक्सिमाइड किंवा निस्टॅटिन, आणि ग्रॅम-निगेटिव्ह गर्दी कमी करण्यासाठी मिलिलिटरला सुमारे २५ मायक्रोग्रॅम नॅलिडिक्सिक आम्ल घालतात. सायक्लोहेक्सिमाइड माणसालाही विषारी आहे, ते तोलताना काळजी घ्या. काही प्लेटा या औषधांशिवायही ठेवा, नाहीतर नॅलिडिक्सिक आम्लाने मरणारे उपयोगी जिवाणू कधीच दिसणार नाहीत. उदाहरणार्थ, स्पंजांत वारंवार सापडणारा स्यूडोव्हिब्रिओ. त्याचे काही स्ट्रेन ट्रोपोडायथायेटिक आम्ल हे चांगले प्रतिजैविक बनवतात.

प्लेटा पॅराफिल्मने बंद करा, २५ ते २८ अंशांवर ठेवा आणि सहा ते आठ आठवडे पाहत राहा. दर आठवड्याला प्लेटच्या मागच्या बाजूने उजेडात बघा आणि नव्या वसाहतींभोवती मार्करने खूण करा. शेजारी पसरट, ओली वसाहत असेल तर छोटी आधी उचला, उशीर झाला तर ती गाडली जाईल. पावडरसारखी किंवा चामड्यासारखी, नारिंगीकडून काळ्याकडे झुकणारी वसाहत दिसली तर जरूर घ्या. सॅलिनिस्पोरा अशी दिसते. हा सागरी ॲक्टिनोमायसीट ग्रेट बॅरियर रीफवरच्या स्पंजातूनही मिळाला आहे आणि रिफामायसिन गटातली संयुगे बनवतो.

पाचवी पायरी: शुद्ध करणे, जपणे, ओळखणे

शुद्ध वसाहत मिळेपर्यंत पुन्हापुन्हा रेघाटणी करा, म्हणजे वसाहती सुट्या होतील अशा रेघा ओढून जिवाणू नव्या प्लेटवर पसरा. शुद्ध झाल्याबरोबर, चाचणीच्या आधी, २० ते २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये अनेक कुप्या भरून उणे ८० अंशांवर ठेवा. हे आधी करण्याला कारण आहे. प्लेटवरून प्लेटवर फिरवत राहिलात तर बरेच जिवाणू रसायन बनवणे सोडून देतात. तसे झाले की पहिल्या कुपीकडे परत जाता येते.

ओळखीसाठी १६एस आरआरएनए जनुकाचा जवळपास पूर्ण लांबीचा क्रम काढा. सर्वांत जवळच्या ज्ञात जातीशी साम्य ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर जात नवी असण्याची शक्यता असते. पण या जनुकाकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्याचा क्रम तंतोतंत सारखा असलेले दोन स्ट्रेन अगदी वेगळी रसायने बनवू शकतात. त्याचा खरा उपयोग एकाच स्पंजातून आलेल्या सारख्या दिसणाऱ्या वसाहतींचे गट पाडण्यासाठी होतो.

सहावी पायरी: पहिली चाळणी

सोपी पद्धत म्हणजे आगर-चकती. सात ते चौदा दिवस वाढवलेल्या प्लेटमधून निर्जंतुक नळीने गोल चकती कापायची, लक्ष्य जिवाणू पसरलेल्या ताज्या प्लेटवर ठेवायची, दोन-चार तास फ्रिजमध्ये ठेवून रसायन पसरू द्यायचे आणि मग रात्रभर इनक्युबेट करायचे. चकतीभोवती स्वच्छ कडे दिसले की त्याला झोन म्हणतात.

झोन दिसल्यावर आनंद होतो, व्हायलाही हवा. पण त्याच संध्याकाळी पुढच्या शक्यता तपासायला घ्या. न पेरलेल्या माध्यमाची चकती शेजारी ठेवली होती का? समुद्रपाण्याच्या माध्यमातल्या मिठानेही काही लक्ष्य जिवाणू मंदावतात. चकतीखालचा सामू पाहा, आम्ल बनवणारा जिवाणू नुसत्या आंबटपणाने शेजाऱ्याला रोखतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे झोन आला असेल तर कॅटॅलेज घातल्यावर तो नाहीसा होतो. लोह ओढून घेणारे सायडरोफोर कारणीभूत असतील तर लोहाचा क्षार घातल्यावर झोन आक्रसतो. या चार तपासण्यांना फार तर आठवडा लागतो. त्या न करता पुढे गेलेली माणसे वर्षभर मिठाच्या किंवा आम्लाच्या मागे धावू शकतात.

झोन मोठा म्हणजे रसायन जोरदार, असेही धरू नका. झोनचा आकार रसायन आगरमध्ये किती सहज पसरते यावरही अवलंबून असतो. मोठे, पाण्यात न विरघळणारे पेप्टाइड जोरदार असूनही बारीकसे कडे देईल. स्टॅफिलोकॉकसवर परिणाम आणि ई. कोलायवर काहीच नाही, हे चित्र वारंवार दिसेल. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचे बाहेरचे पटल पुष्कळ रेणूंना आत येऊ देत नाही आणि आत आलेले पंपाने बाहेर फेकले जातात. असा पंप निकामी केलेला ई. कोलायचा स्ट्रेन जवळ असेल तर तोही चाचणीत ठेवा. मूळ स्ट्रेनवर काहीच नाही आणि यावर झोन, असे दिसले तर अडचण आत शिरण्यात किंवा टिकण्यात आहे, एवढे कळते.

सातवी पायरी: वाढवणे आणि अर्क

सुरुवात ५० मिलिलिटरच्या फ्लास्कपासून करा. एकच स्ट्रेन तीन-चार माध्यमांत वाढवा. जनुके असूनही एका माध्यमात गप्प राहिलेला जिवाणू दुसऱ्या माध्यमात रसायन बनवू लागतो, हे आता पक्के ठाऊक झाले आहे. मिठाचे प्रमाण, तापमान, हलवण्याचा वेग, शेजारी दुसरा जिवाणू, यांतले काहीही बदलल्याने फरक पडू शकतो. दर दोन दिवसांनी थोडासा नमुना काढून सक्रियता पाहा. बरीचशी रसायने वाढीचा जोर ओसरल्यावर बनतात.

अर्कासाठी दोन मार्ग. इथाइल ॲसिटेट तेवढ्याच आकारमानात घालून, हलवून, वरचा थर वेगळा करणे. किंवा फ्लास्कमध्येच लिटरला सुमारे २० ग्रॅम एक्सएडी-१६ राळ घालणे. ती रसायने धरून ठेवते आणि नंतर ॲसिटोनने धुऊन ती सोडवता येतात. पातळ कल्चरसाठी मला राळ जास्त पसंत आहे, कारण समुद्राचे मीठ पाण्याने धुऊन टाकता येते. द्रावक ४० अंशांच्या वर न जाता कमी दाबाखाली उडवा. आणि प्रत्येक वेळी नुसत्या माध्यमाचा अर्क अगदी त्याच पद्धतीने शेजारी तयार करा. पुढच्या प्रत्येक आलेखात तो उपयोगी पडणार आहे.

आठवी पायरी: आकडा काढणे

आता किमान निरोधक संहती, म्हणजे एमआयसी, मोजायची: वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा. ९६ खळग्यांच्या पट्टीत अर्काचे दुपटीने विरलन करत जा, उदाहरणार्थ मिलिलिटरला १२८ मायक्रोग्रॅमपासून खाली. लक्ष्य जिवाणूंचे मिश्रण आधी ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचे प्रमाणित माप) गढूळतेला आणा, म्हणजे मिलिलिटरला साधारण पंधरा कोटी. तिथून सुमारे तीनशे पट सौम्य केले की खळग्यात मिलिलिटरला पाच लाख राहतात, हेच प्रमाण हवे. ३५ ते ३७ अंशांवर १६ ते २० तास ठेवा. अर्क विरघळवायला वापरलेले डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रावक एक टक्क्यापेक्षा जास्त होऊ देऊ नका आणि नुसत्या द्रावकाचा खळगा ठेवाच. ज्ञात प्रतिजैविकाची ओळही हवी. तिचा आकडा त्या स्ट्रेनसाठी ठरलेल्या मर्यादेत आला नाही तर त्या दिवसाचे बाकीचे आकडेही सोडून द्या.

कच्च्या अर्काचा आकडा फक्त तुमच्या अर्कांची एकमेकांशी तुलना करण्यापुरता वापरा. त्यात खरे रसायन एक टक्का आहे की चाळीस, हे अजून तुम्हाला माहीत नाही.

नववी पायरी: हे आधीच कोणाला सापडले आहे का?

माझ्या मते ही सगळ्या क्रमातली कळीची पायरी आहे, आणि ती शुद्धीकरणाच्या आधी यायला हवी. तेच ते संयुग पुन्हा सापडणे हा या क्षेत्राचा जुना आजार आहे. त्यावर उपाय असा. अर्काचा थोडासा भाग द्रव क्रोमॅटोग्राफीतून (मिश्रणातले रेणू वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतील अशा तंत्रातून) सोडा आणि बाहेर येणारा द्रव ठरावीक अंतराने ९६ खळग्यांत गोळा करा. द्रावक उडवून त्याच खळग्यांत लक्ष्य जिवाणू वाढवा. ज्या खळग्यात वाढ नाही, त्या मिनिटाला बाहेर पडलेल्या रेणूंचे वस्तुमान पाहा. मग ते वस्तुमान, त्याचे तुकडे पडण्याची पद्धत आणि प्रकाशशोषणाचा आलेख खुल्या संग्रहांत शोधा. जीएनपीएस आणि एनपी ॲटलस हे दोन संग्रह सगळ्यांना मोफत वापरता येतात.

काही पाहुणे तोंडपाठच करून ठेवा. नारिंगी रंगाचा अर्क, ४४० नॅनोमीटरच्या आसपास शोषण आणि १२५५.६ वस्तुमानाचा आयन म्हणजे बहुधा ॲक्टिनोमायसिन डी. बॅसिलसच्या अर्कात १०३६.७ दिसले आणि चौदाच्या फरकाने मागेपुढे आणखी शिखरे असली तर तो सर्फॅक्टिनचा परिवार. तोंडपाठ यादीतले काही निघाले तर वही बंद करा आणि पुढचा स्ट्रेन घ्या. नकाराची ही नोंदही जपून ठेवा, तुमच्यानंतर त्याच प्लेटवर काम करणाऱ्याचे महिने वाचतील.

परवडत असेल तर जिनोमचा क्रम काढा आणि तो अँटीस्मॅश या मोफत साधनात घाला. २०११ पासून उपलब्ध असलेले हे साधन रसायने बनवणाऱ्या जनुकांचे गट शोधून देते. सॅलिनिस्पोरा ट्रोपिकाच्या जिनोममध्ये असे १७ गट सापडले होते, आणि जिनोमचा जवळजवळ दहावा हिस्सा याच कामाला वाहिलेला निघाला. कोणताही ज्ञात गट जुळत नसेल आणि सक्रिय खळग्यातले वस्तुमानही कुठे सापडत नसेल, तर पुढे जाण्याला चांगला आधार आहे.

दहावी पायरी: शुद्धीकरण, रचना आणि विषारीपणा

आता लिटरांमध्ये वाढवायचे, अर्काचे भाग पाडायचे आणि प्रत्येक टप्प्यावर सक्रियता तपासत सक्रिय भागाच्या मागे जायचे. मध्येच सक्रियता नाहीशी झाली तर घाबरू नका. रसायन उजेडात किंवा आम्लात मोडले असेल, सिलिकाला चिकटून बसले असेल, किंवा दोन रसायने मिळून काम करत असतील. शेवटची शक्यता तपासण्यासाठी वेगळे केलेले भाग पुन्हा एकत्र करून चाचणी घ्या.

रचना ठरवायला एनएमआर (रेणूतल्या अणूंची मांडणी दाखवणारे तंत्र) लागते आणि त्यासाठी काही मिलिग्रॅम शुद्ध संयुग. इथे रसायनतज्ज्ञाची सोबत घ्या, आणि त्याला पहिल्या दिवसापासूनच सोबत घेतले असेल तर आणखी उत्तम.

शुद्ध संयुग मिळाल्याबरोबर तांबड्या पेशी फुटतात का ते पाहा आणि मानवी पेशींवर त्याचा परिणाम मोजा. जिवाणूला मारणाऱ्या मात्रेतच मानवी पेशी मरत असतील तर ते साधे विष आहे. स्पंजांतली पुष्कळ संयुगे या परीक्षेत गळतात. त्यांतली काही कर्करोगाच्या संशोधनात उपयोगी पडू शकतात, पण प्रतिजैविक म्हणून त्यांची वाट तिथे संपते.

संयुग या सगळ्यातून पार पडले तर लिहायला बसण्याआधी तीन कामे करा. स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या सूक्ष्मजीवसंग्रहांत ठेवा, त्याचा जिनोम सार्वजनिक संग्रहात द्या, आणि वस्तुमानाचे व एनएमआरचे मूळ आलेख कच्च्या स्वरूपात खुले करा. स्पंजाच्या जतन केलेल्या तुकड्याचा संग्रहक्रमांकही त्यांच्यासोबत नोंदवा.